काही न समजणाऱ्या बाई

"माले नही समजनं!" असं म्हणून बाई दोन्ही हात हवेत उडवायच्या. समोर माझी शुभी माठाकडे बोट दाखवून रडकुंडीला आलेली. शेंबड्या पोरालाही कळेल की तिला पाणी हवंय, पण बाईंना कळायचं नाही.

नव्वदीतली गोष्ट. बोलायला, शिकायला जड जाणाऱ्या मुलांचा वर्ग बाई पंचवटीत घेत. मूळच्या सटाण्याच्या. मळ्यातली फुलं बाजारात टाकली की मी शुभीला तिथे नेत असे. सहा वर्षांची झाली तरी पोर बोलत नव्हती. तिनं एकदा 'आई' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"ताई, तुम्ही फार लवकर समजता," बाई म्हणाल्या. "तिनं तोंड उघडायच्या आत तांब्या हजर. मग कशाला बोलेल ती?"

असा राग आला म्हणता! लेकीची भुवई हलली तरी मला कळतं, हा माझा गुन्हा?

आणि एके दुपारी शुभी बाईंना म्हणाली, "पानी जोयजे." जोयजे म्हणजे पाहिजे, सटाण्याकडची अहिराणी. आमच्या सात पिढ्यांत कुणी असं बोललं नाही! बाईंनी तिला उचलून गिरकी घेतली. दारात उभी राहून मी हसत होते आणि आतून नुसती जळत होते.

पुढे वर्गात पोरीची टकळी सुरू. "बाई, शेव दे." "बाई, चेंडू माझा." घरी आली की पुन्हा बोट. मीही एकदा न समजल्याचं सोंग करून पाहिलं. शुभीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि खुदकन हसली. आईला कळलंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी बाईंना विचारलंच, "तुमच्याशीच का हो बोलते?"

"तुम्हाला न बोलता समजावं, असं तिला वाटतं," बाई म्हणाल्या. "माझ्याबद्दल कुणाच्या डोळ्यांत तसं दिसलं नाही अजून." आणि दुसऱ्या मुलाकडे वळल्या.

उन्हाळ्यात वर्ग बंद झाला. त्यांच्या सासूबाई आजारी, म्हणून बाई सटाण्याला गेल्या त्या परतल्याच नाहीत. एका संध्याकाळी शुभी अंगणात उभी राहून रस्त्याकडे बोट दाखवू लागली. मी पाणी दिलं, चेंडू दिला, शेव दिली. ती मान हलवत राहिली. देवाशप्पथ, मला खरंच कळेना.

तिनं माझा पदर ओढला.

"आई, बाई कुठं गेल्या?"

'आई' म्हणाली. अखेर म्हणाली. आणि त्यातही बाईच!