जावेचं तारण

पाली गावाच्या वरच्या अंगाला, धनगरवस्तीच्या कडेला, अंबूबाई शेरडं राखून एकटीच राही. तिनं आणि नवरा नाथा यानं तरुणपणीच भोरच्या पाद्रीबाबांकडून बाप्तिस्मा घेतला होता. तेव्हापासून थोरल्या जावेनं, चंद्राबाईनं, तिला पाणवठ्यावर फिरकू दिलं नव्हतं. नाथा गेला तेव्हा खांदा द्यायलाही घरचं कुणी आलं नाही. प्रभूनं आपलं तारण केलंय, नाथा वर स्वर्गात वाट बघतोय, एवढ्या आशेवर अंबूबाईनं वर्षं काढली.

आणि आता तीच चंद्राबाई तापानं अंथरुणाला खिळली, तिनं पाद्रीबाबांना बोलावलं आणि बाप्तिस्मा घेतला!

अंबूबाईचा जळफळाट झाला. पाद्रीबाबा माघारी निघाले तसं तिनं त्यांना बांधावर गाठलं.

“म्या वाळीत पडले, पाण्यापायी रानोमाळ हिंडले. अन् हिला बसल्या जागी माझ्याइतकंच तारण?”

“तेवढंच, अंबूबाई. तुमचं काही कमी झालं का?”

“कमी न्हाई झालं. पर तिला का म्हून?”

पाद्रीबाबा नुसते हसले. ते हसणं तिला झोंबलं.

चंद्राबाई त्या दुखण्यातून उठली. दर रविवारी अंबूबाईच्याच अंगणात आसपासची ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमत, तिथं तीही येऊ लागली. तिचा गळा गोड. जो तो तिच्या गाण्याचं कौतुक करी. अंबूबाई मात्र ओठ मिटून बसे.

एका रविवारी चंद्राबाई सगळ्यांच्या आधी आली आणि उंबऱ्याबाहेरच घुटमळली.

“अंबू, वर गेल्यावर नाथाभावजी मला बघून तोंड फिरवतील का गं?”

‘फिरवतीलच!’ शब्द अगदी जिभेवर आला. पण अंबूबाईला आठवलं, नाथाला मूठमाती देऊन आल्यावर आपण हिच्या लेकरांचं वाटोळं व्हावं म्हणून कडाकडा बोटं मोडली होती. तरी प्रभूनं आपल्याला लोटून दिलं नव्हतं. आपल्यालाही तारण फुकटच मिळालं होतं.

“न्हाई फिरवायचे,” ती कशीबशी म्हणाली. “आत या, आक्का.” आणि तिनं घोंगडं अंथरलं.

प्रार्थना सुरू झाली. चंद्राबाईनं गाणं धरलं, बायका माना डोलवू लागल्या, आणि अंबूबाईच्या काळजात पुन्हा कळ उठलीच.

‘गळा गोड आहे मेलीचा,’ असं मनाशी म्हणत तिनं पुढची ओळ उचलली.