मांदेलीचं वजन

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी आमच्या बोरिवलीच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर मांजर ठेवलं. त्याआधी घरून नेलेलं डाळीचं किलोचं पाकीट ठेवून काटा तपासला. रद्दीवाला जरा दुखावला, पण वजनमापे खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईने काट्यावर असाच विश्वास ठेवायचा म्हणजे...

मांजर माझ्या लेकीचं, केतकीचं. नाव मांदेली. सापडली तेव्हा त्या मासळीएवढीच होती, पिवळसर आणि सडपातळ. आता तिची सुरमई झालीय, पण नाव कोण बदलत बसणार!

केतकीला बंगळुरूला नोकरी लागली होती. एअरलाइनचा नियम असा, की पिशवीसकट सात किलोच्या आत असेल तर मांजर केबिनमध्ये, सीटखाली पायाशी. जास्त भरलं तर विमानाच्या पोटात, सामानाच्या कप्प्यात. केतकीने आधीच जाहीर केलं होतं, की मांदेली सामानात जाणार नाही. सोबत नेता आली तर नेईन, नाहीतर ती इथंच राहील.

मला आधी त्या नियमाचाच संशय. हातातल्या बॅगेत लोणच्याची बरणी चालत नाही आणि जिवंत मांजर चालतं? मी कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तीन वेगवेगळ्या मुलींशी बोलले. तिघींनी अगदी एकच उत्तर दिलं, त्यामुळे संशय आणखीच वाढला.

तर त्या रविवारी पिशवीसकट वजन भरलं सात किलो सहाशे. निघायला तीन आठवडेसुद्धा नव्हते. लगेच डाएट सुरू... केतकीने फ्रिजवर तक्ता लावला, दोन वेळा मोजूनमापून खाणं. मासे साफ करताना तिला काही टाकायचं नाही, असा मलाच दम भरला. मी टाकत नव्हते, आईशपथ.

पुढच्या रविवारी वजन सात किलो सातशे!

घरात माणसं दोनच, मी आणि केतकी. हे जाऊन दोन वर्षं झाली. म्हणजे चोर बाहेरचा, हे उघड होतं. मी वॉचमनवर नजर ठेवली. शेजारच्या काकूंच्या दाराबाहेर दुधाची वाटी दिसते का, ते येताजाता पाहिलं. पण खरा संशय गोराईहून मासे घेऊन येणाऱ्या हिरामावशीवर. ती दारात पाटी ठेवते आणि मांदेली तिच्या गुडघ्यांना डोकं घासत बसते.

मी तिला सरळ विचारलं. ती पाटी उचलत एवढंच म्हणाली, "पंधरा वर्षं तुझ्या दारात बसते, आज मी चोर झाले होय गं?" त्यानंतर ती आमच्या मजल्यावर आलीच नाही. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

ती येत नव्हती, तरी तिसऱ्या रविवारी सात किलो आठशे. आता मात्र माझी झोप उडाली. निघायला पाच दिवस राहिले होते.

मंगळवारी मी सापळा लावला. बँकेत जाते, तासभर लागेल, असं सांगून निघाले. जिन्यात दहा मिनिटं थांबले आणि किल्लीने हळूच दार उघडलं...

केतकी स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर उकडलेला बांगडा. एकेक काटा काढून मांदेलीला भरवत होती आणि तिच्याशी बोलत होती.

"खा अजून. तू माझ्याबरोबर आलीस ना, तर ही बाई चहा-टोस्ट खाऊन झोपून जाईल. तू ताटाशी बसतेस म्हणून तरी चार घास जेवते."

मी तशीच मागे फिरले. आधी भयंकर राग आला. दोन आठवडे, वर फ्रिजवर तक्ता लावून, मला फसवलं? मला? मग जिन्यात बसून रडले. हे गेल्यापासून मी खरंच ओट्याशी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकत होते. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही, असं वाटायचं.

थोड्या वेळाने बेल वाजवून घरात शिरले. सगळीकडे बांगड्याचा वास होता, तरी मी बँकेतल्या रांगेचंच सांगत बसले. मांजर तुझ्या सोबतीला ठेवते, असं ती तोंडावर म्हणाली असती, तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. मला काय धाड भरलीय, म्हटलं असतं आणि मांदेलीला उपाशी ठेवून विमानात बसवलं असतं. लेक मला ओळखून आहे.

गुरुवारी शेवटचं वजन केलं. सात किलो नऊशे. केतकी चेहरा पाडून म्हणाली, राहू दे मग इथंच, काय करणार. मीही म्हटलं, राहू दे. खात्यात होते तेव्हा कधी केलं नाही ते केलं... समजूनउमजून चोरी पास केली.

शुक्रवारी केतकी एकटीच गेली. शनिवारी मार्केटमध्ये जाऊन हिरामावशीची माफी मागितली. खूप लाज वाटत होती. ती हसली नाही. दोन बांगडे जास्तीचे टाकून म्हणाली, "आता उघड घालते तिला."

केतकी आता रोज संध्याकाळी जेवणाच्या वेळेला फोन करते. नोकरीचं, रूमचं सांगून झालं की विचारते, जेवली का गं ती? मी सांगते, हो, ताट वाढून घेऊन, बसून जेवली. आमटी, भात, भेंडीची भाजी... सगळं.

मांजर भेंडी खात नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.