व्याख्यानगृहाखालचे टेकू

खांबसर (१९४८–२०१६) : खाण-अभियांत्रिकीचे प्राध्यापक. खरे नाव केवळ पगारपत्रकापुरते उरले होते. जमिनीखालचा कोळसा काढताना छत तोलण्यासाठी किती जाडीचा कोळशाचाच खांब न खोदता ठेवावा, याचे सूत्र त्यांनी तरुणपणी मांडले. त्या सूत्रावर त्यांची पदवी, बढती आणि क्रमिक पुस्तकातले एक संपूर्ण प्रकरण उभे राहिले. महाविद्यालयाचे व्याख्यानगृहही त्यावरच उभे होते; कारण ते एका बंद, पाण्याने भरलेल्या खाणीवर बांधले होते, आणि खालचा खांब भक्कम असल्याचा निर्वाळा सरांनीच दिला होता. पाण्यामुळे खाली उतरता येत नव्हते, म्हणून माप नकाशावरून घेतले होते.

निवृत्तीच्या वर्षी, भर दुपारी, ते टेकूंविषयी शिकवत होते.

"लोखंडी टेकू मुकाट्याने मोडतो. लाकडी टेकू आधी कुरकुरतो, आणि माणसाला पळायला..."

वाक्य अर्धवट राहिले. पायांखालून तोच आवाज येत होता. थोडी कुरकुर, मग विसावा, मग पुन्हा, जरा डावीकडे. जणू खाली कोणी जड अंगाने कूस बदलत होते.

वर्गात दुसऱ्या कोणालाच काही ऐकू आले नाही. सरांनी खडू खाली ठेवला. "मागच्या रांगेपासून बाहेर पडा. पळू नका, पाय आपटू नका."

मुले हसू दाबीत बाहेर पडली. "सुट्टी हवी होती तर सरांनी तसं सांगायचं," असे पायरीवर कोणीतरी म्हणाले.

विभागप्रमुख त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने कपाळाला हात लावला. "सर, खाली लाकूड कुठून येईल? तिथे अख्खा खांब आहे, तुम्हीच लिहून दिलंय."

"चुकीचं लिहून दिलं असेल. भोक पाडून बघ."

"खालचा खांब टिकला नसला तर सूत्र खोटं, पुस्तकातलं प्रकरण गेलं समजा. आणि तुमचा निरोप समारंभ तोंडावर आलाय."

"प्रकरण गेलेलं परवडलं. वर पोरं बसतात."

घरी पत्नीने जेवता जेवता विचारले, "अहो, जन्मभर कमावलेलं नाव स्वतःच्याच हातानं मातीत घालणार?"

"नाव वर आहे गं. खाली काय आहे ते बघायचंय."

भोक पाडून कॅमेरा आत सोडण्यात आला. खांब नव्हताच. खाण बंद झाल्यावर आणि पाणी चढण्यापूर्वी कोणीतरी चोरून उतरून तो कोरून नेला होता, आणि त्याच्या जागी लाकडी टेकू लावले होते. पाण्यात बुडाल्यामुळे लाकूड कुजले नव्हते. शेजारच्या नव्या खाणीच्या पंपांनी आता ते पाणी ओढून घेतले, आणि सगळे ओझे टेकूंवर आले.

"सूत्र वाचलं, सर," प्रमुखबाईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला. "चूक नकाशाची."

"नकाशावर विसंबलो, ती माझी," सर म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरून हटत नव्हती. एका टेकूच्या खिळ्याला जेवणाचा डबा टांगलेला होता, झाकण घट्ट लावलेला. कॅमेरा स्थिर होता. डबा मात्र संथपणे हलत होता.

"हा कसा राहिला?"

"विसरला असेल कोणी."

"टोपी विसरेल. डबा घरी न्यावाच लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी उपाशी."

बाईंनी पोकळी वाळूने भरून टाकायचे ठरवले.

सरांनी मागणी केली, की पोकळीत वाळू भरण्यापूर्वी आत शोध घ्यावा. बाईंनी हलक्या आवाजात विचारले, "सर, त्या छताखाली तुम्ही कोणाला उतरू दिलं असतं?"

"नाही," सर म्हणाले, आणि मागणी तिथेच संपली.

वाळू भरताना ते कडेला उभे होते. वाळू आत जात राहिली, तशी खालची हवा भोकातून वर येत राहिली. एकसारखी नव्हे, मधूनमधून थांबत, झोपेतल्या श्वासासारखी. मग ती बंद झाली.

व्याख्यानगृह पुन्हा उघडले. दिलेला निर्वाळा सरांनी लेखी मागे घेतला, आणि खाली उतरून मोजल्याशिवाय कोणताही खांब गृहीत धरू नये, असे त्या प्रकरणात स्वतःच्या चुकीच्या उल्लेखासह छापून आणले. खाली किती जण उतरले होते आणि किती वर आले, याची चौकशी मात्र राहून गेली. चोरून उतरलेल्या माणसाबद्दल घरच्यांनी विचारावे तरी कोणाकडे? सरांच्या हयातीत कोणी आले नाही. त्यानंतरही आलेले नाही.