सहा महिन्यांची सूट

“कायदा आहे गं, पण सूटही आहे ना,” असं म्हणत बाई चष्मा कपाळावर चढवायच्या. म्हणजे वाद संपला, असं आपण समजायचं. पुण्यात जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाशी वाद घालायला गेला असतात, तर तुमचंही माझ्यासारखंच झालं असतं.

इकडे परदेशात, जॉन्सनव्हिलला आम्ही शेजारी. दर रविवारी मुलांचा मराठी वर्ग बाईंच्या गॅरेजमध्ये भरायचा. मुलं वाढली, तेव्हा पालकांनी एकमतानं ठराव केला की वर्ग कम्युनिटी हॉलमध्ये हलवायचा. बाई अध्यक्ष. त्यांनी ठरावात एक ओळ घालून घेतली: अध्यक्षांना गरज वाटल्यास हलवणं सहा महिने पुढं ढकलता येईल.

“हे काय नवीन?” मी विचारलं.

“नवीन कसलं! अमेरिकेच्या संसदेनं कायदा केलाय, इस्रायलमधली वकिलात तेल अविवहून जेरुसलेमला न्यायची. पण राष्ट्राध्यक्ष, पक्ष कुठलाही असो, दर सहा महिन्यांनी देशाच्या सुरक्षेसाठी म्हणून सही करतात. वकिलात आहे तिथंच!”

मग बाईही सह्या करू लागल्या. एकदा हॉल गार होता, एकदा पार्किंग लांब होतं. एकदा तर नुसतंच “मुलांच्या सुरक्षेसाठी”.

एका शनिवारी मी भाजी द्यायला गेले, तर बाई उद्याच्या खुर्च्या मांडून त्यांतल्याच एकीवर बसल्या होत्या. बाईंचे यजमान, आमचे काका, गेल्यापासून त्या घरात माणसांचा आवाज व्हायचा तो रविवारीच. मी भाजी ठेवून निघाले.

२०१७च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी वकिलात हलवायची घोषणा केली. मला राहवलं नाही. “बाई, तुमचा आधार गेला!”

“बातमी पूर्ण वाच. घोषणा केली, आणि त्याच दिवशी सूट देणाऱ्या कागदावरही सही केली.”

खरंच केली होती!

मे महिन्यात मात्र वकिलात हलली. बाई हलल्या त्या त्यानंतरच्या थंडीत. एका रविवारी एक आई मुलीला घेऊन वर्गाला आली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाई ओशाळल्या, तर मुलगी म्हणाली, “स्वीट अ‍ॅज, आजी,” म्हणजे इथल्या बोलीत ‘काही हरकत नाही’, आणि दोघी दारातूनच परत फिरल्या. बाई त्यांच्यामागं पार रस्त्यापर्यंत गेल्या.

संध्याकाळी मला म्हणाल्या, “या वेळी सही करत नाही. आणि याचा अमेरिकेशी काही संबंध नाही हं.”

पुढच्या वर्षी लेकीनं त्यांना दूर तिच्याकडे, टाकानिनीला नेलं. मला आठवतो तो हॉलमधला पहिला रविवार. वर्ग झकास झाला. मी बाईंना घरी सोडलं. गाडीतून उतरून त्या किल्ली हातात घेऊन दाराशी घुटमळल्या.

“आत येतेस?” त्या म्हणाल्या. “आज कोणी यायचं नाहीये.”