गाडीकडे पाठ करून

जुनी गाडी बघायला नेलं की नकोमामा आधी गाडीकडे पाठ करून उभे राहत. विकणारा बोनेट उघडून, हातात पिवळं फडकं घेऊन ताटकळत असे आणि मामा त्याच्या घराकडे बघत असत. फाटकाची बिजागरी कुरकुरते का, अंगणातल्या नळाला चिंधी बांधलेली आहे का, पायऱ्यांवरच्या कुंड्यांत रोपं आहेत की नुसती माती. मग ते प्यायला पाणी मागत. तहान लागलेली नसे. पाणी आणणाऱ्याला घरातलं फुलपात्र पटकन सापडतं का, हे त्यांना बघायचं असे. एवढं झाल्यावर ते गाडीकडे वळत. ती आतून-बाहेरून तपासत, आणि शेवटी जे म्हणत त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. वसईजवळच्या गासला त्यांची वाडी होती. केळी, पानवेली, कुंपणाकडेने मोगरा. वाडी भावाने सांभाळली आणि मामा विमा कंपनीत गेले. अपघात झालेल्या गाड्या तपासून नुकसान ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे नोकरीभर त्यांनी एकही धडधाकट गाडी पाहिली नाही. ज्या पाहिल्या त्या झाडाला, खांबाला नाहीतर एकमेकींना भेटून आलेल्या. अशा माणसाचा गाडी या वस्तूवर विश्वास उरत नाही. तिच्या मालकावर तर नाहीच.

त्या काळात आमच्याकडे जमिनी विकल्या जात होत्या आणि इमारती उठत होत्या. इमारती बांधणाऱ्यांना, त्यांच्या मागोमाग डॉक्टरांना, वकिलांना आणि केबलवाल्यांना एकदम जर्मन गाडीची स्वप्नं पडू लागली. नवी परवडत नसे. मग मुंबईतल्या कुणीतरी वापरून सोडलेली आणायची आणि आणण्यापूर्वी, पत्रिका दाखवावी तशी, मामांना दाखवायची. मामा त्यासाठी काही घेत नसत, फक्त मान घेत. न्यायला माणूस यावा, बसायला खुर्ची मिळावी आणि आपलं बोलणं संपेपर्यंत कुणी मध्ये बोलू नये, एवढ्या तीन गोष्टी. बोलणं मात्र लांब असे.

"जर्मन गाडी म्हणजे घरी राहायला आलेली विहीण," ते म्हणत. "काय हवं ते ती स्वतःहून सांगणार नाही. मिळालं नाही, तर मात्र साऱ्या गावाला कळेल." दुसरं एक वाक्य असं : "पहिला मालक हिला पोसतो, दुसरा वापरतो आणि तिसरा हिच्याजवळ उभा राहून फोटो काढतो. तू कितवा, ते आधी सांग."

एकदा वसईच्या एका दंतवैद्याकडे आम्ही सकाळीच गेलो. मामांनी बोनेटवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. "हिने आपल्या आधीच चहा घेतलाय," ते म्हणाले आणि चपला घालू लागले. गार इंजिन सुरू होताना जी कुरकुर करतं ती लपवायला विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून ठेवली होती. गाडी नको. दंतवैद्यांनी मान डोलावली आणि चार दिवसांनी तीच गाडी घेतली. पुढे ती कित्येक वर्षं बिनतक्रार चालली. मामांच्या फाटकासमोरून जाताना दंतवैद्य हटकून हॉर्न वाजवत. मामा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणत, "वाजव बाबा. हॉर्न अजून चालतोय."

खरी गंमत अशी, की स्वतः मामांकडे एक जर्मन गाडी होती. कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून आणलेली, वाळलेल्या मेंदीच्या रंगाची, डिझेलवर चालणारी. तिच्या कंपनीचं नाव मामा अस्सल जर्मन उच्चारात घेत. त्यामुळे ते कुणाला कळत नसे. गाडी ते एखाद्या संस्थानिकासारखी चालवत, म्हणजे हळू आणि रस्त्याच्या मधून. मागच्या सीटवर जुनी चादर टाकून मोगऱ्याच्या टोपल्याही नेत. दुसऱ्या कुणी तिच्या स्टिअरिंगला हात लावलेला खपत नसे. मामींनाही ते मागेच बसवत, पुढच्या दाराच्या मुठीवर त्यांचा हात जोरात पडतो म्हणून. ही गाडी कशी काय घेतलीत, असं मी एकदा विचारलं. "तेव्हा मला विचारणारं कुणी नव्हतं, जावईबापू," मामा म्हणाले.

आता अशा माणसाचा नकार किती मनावर घ्यायचा? चांगल्या गाडीला नको, वाईट गाडीला नको. हवामान खात्याने रोजच पाऊस सांगितला तर छत्री कोण घेईल? लोक मामांना नेत, खुर्ची देत, ऐकून घेत आणि मनातलीच गाडी घेत. मामांना हे कळत होतं. त्यांना वाईट वाटत होतं का, ते त्यांनी कधी कळू दिलं नाही.

आणि मग मुंबई बुडाली ते वर्ष आलं. आमच्याकडेही पाणी भरलं, पण खाडीच्या पलीकडे तळघरांत उभ्या असलेल्या भारी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर त्या धुतल्या गेल्या, पुसल्या गेल्या, अत्तर लावून खाडी ओलांडून हळूहळू वर आमच्या बाजूला येऊ लागल्या. स्वस्त मिळतायत म्हणून लोक खूश होते.

त्याच सुमाराला माझा धाकटा भाऊ सुनील याची वसईतली कंपनी बंद पडली. दुसरी नोकरी शोधायची त्याची तयारी नव्हती. त्याला लग्नांसाठी भाड्याने द्यायला गाडी घ्यायची होती, आणि तीही जर्मन. "दादा, हल्ली नवरदेव घोड्यावर बसत नाही," तो म्हणायचा, "त्याला काळी लांब गाडी लागते." हे खरंच होतं. ज्या नवरदेवाला उद्यापासून रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, त्यालाही एका दिवसापुरती चामड्याची सीट लागत होती. विरारच्या एका बिल्डरकडे तशी गाडी होती. पण कर्ज काढायचं तर आचोळ्याचा आमचा फ्लॅट गहाण ठेवावा लागणार होता. फ्लॅट आईच्या नावावर होता. बाबांच्या मागे तेवढंच राहिलं होतं. आई म्हणाली, "तुमच्या मामांना दाखवा. मग सही करते."

बिल्डरच्या बंगल्याच्या फाटकावर दोन सिंह होते. मामा आधी सिंहांशी, मग आतल्या कारंज्याशी बराच वेळ थांबले. कारंज्यात पाणी नव्हतं, एक कुत्रं झोपलं होतं. मग ते गाडीत बसले. पट्टा ओढला आणि ओढतच राहिले, अगदी शेवटपर्यंत, जितका एरवी कुणीच ओढत नाही. पट्ट्याच्या शेवटच्या वितीवर तपकिरी रेघ होती. नखाने खरवडली तर माती निघाली.

"ही बुडलेली आहे," मामा म्हणाले. "आज चालेल, दिवाळीला चालेल. आतल्या तारा गंजतायत. कधी थांबेल ते तिलाही ठाऊक नाही. नको."

"ड्रायव्हरने धुताना पाणी मारलं असेल," बिल्डर म्हणाला. "काका, चहा घेणार?"

परतताना सुनील रिक्षात तडकला. "मामा, रागावू नका, पण आजवर एका तरी गाडीला तुम्ही हो म्हणालात का?"

मामा बाहेर बघत राहिले. गास येईपर्यंत बोलले नाहीत, आणि मामांचं न बोलणं ही आमच्या घराण्यात नोंद घेण्यासारखी गोष्ट होती. उतरताना फक्त म्हणाले, "घेणार कधी?"

"दसऱ्याला," सुनील म्हणाला. मुहूर्त ठरला होता. आईने घराची कागदपत्रं कपाटातून काढून टीव्हीवर ठेवली होती. सही करते म्हणाली, कारण मुलाने तोंड पाडलेलं तिला बघवत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी आमच्या इमारतीखाली ओळखीचा डिझेलचा आवाज आला. खाली बघितलं तर मामांची गाडी. धुतलेली, पुढे झेंडूचा हार, मागच्या सीटवरची चादर काढलेली. मामा जिने चढून वर आले, धापा टाकत खुर्चीत बसले आणि किल्ली सुनीलसमोर धरली.

"दसऱ्याला घरी जर्मन गाडी आणायचीच आहे ना? ही आण. लग्नांचा मोसम संपेपर्यंत तुझी. चालव, भाडी घे, मिळेल ते तुझं. मोसम संपल्यावरही तुला तसलीच हवी असेल, तर मी स्वतः येईन त्या बिल्डरकडे. तोंड मिटून येईन."

सुनीलने किल्ली घेतली. मामीला पुढे बसू न देणाऱ्या माणसाने किल्ली देऊ केली, याचा अर्थ त्यालाही कळला. नकार देऊन उपयोग नाही, हे मामांना उमगलं होतं. म्हणून त्यांनी आपल्याजवळचं दुसरं काहीतरी दिलं, आणि त्या दिवशी गासला परत रिक्षाने गेले. आईने कागदपत्रं उचलून परत कपाटात ठेवली.

तो मोसम सुनीलने त्या गाडीची सेवा करण्यात घालवला. रंग बघून लोक आधी नाकं मुरडत. मग कुणीतरी म्हणे, "जुन्या काळची आहे, ऐट आहे," आणि नवरीच्या मावशा तिच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढत. पण एकदा मागची काच खाली अडकली. ती वर घेणारा एवढासा भाग मिळवायला सुनील मुंबईच्या चोरबाजारापासून ठाण्यापर्यंत फिरला. तोवरच्या सगळ्या नवऱ्या धुळीने माखून मांडवात पोचल्या. मामा दर रविवारी येत, गाडीभोवती एक फेरी मारत. "तेल कधी बदललंस? काळं होण्याआधी की नंतर?" सुनील दातओठ खात उत्तर देई. मध्येच बातमी आली, की बिल्डरची गाडी दुसऱ्याच कुणी लग्नाच्या भाड्यासाठी घेतली. त्या दिवशी तो जेवला नाही. "तुमच्या मामांमुळे हातची गेली," हे वाक्य माझ्या बायकोला बरेच दिवस ऐकावं लागलं.

मोसमाच्या अखेरीस एका दुपारी सुनीलचा कंपनीतला मित्र हरेश जूचंद्रहून आला. आला तो हसतच. आदल्या दिवशी त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं.

"अरे, काय सांगू! गाडी मांडवाच्या दारात आली आणि बंद. बंद म्हणजे सगळंच बंद. दारं लॉक, काचा लॉक, एसी गेला. आत नवरदेव नि करवली. ऊन हे एवढं! आम्ही बाहेरून पाण्याची बाटली दाखवतोय, तो आतून हात जोडतोय. भटजी म्हणतो मुहूर्त चालला. शेवटी काकाने काच फोडली. मुंडावळ्या सांभाळत खिडकीतून बाहेर आला बघ नवरदेव!"

"गाडी कुठली?" सुनीलने विचारलं. हरेशने नंबर सांगितला. त्या बिल्डरच्या गाडीचा नंबर सुनीलला पाठ होता.

त्याने गुडघ्यांवर हात ठेवले. मग हसायला लागला. आधी थोडा, मग थांबेचना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हरेशला वाटलं, आपण गोष्ट फार छान सांगितली.

मामांना कळवायला मीच गेलो. "मी सांगत होतो" हे वाक्य ऐकायची मनाची तयारी करून गेलो होतो. मामा मोगऱ्याच्या कळ्या निवडत होते. सगळं ऐकून म्हणाले, "काच कुठली फोडली? पुढची की बाजूची?"

"बाजूची."

"शहाणी माणसं आहेत," मामा म्हणाले. विषय संपला.

सुनीलने नंतर एक साधी व्हॅन घेतली, कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणारी, आणि कारखान्यांतल्या कामगारांची ने-आण सुरू केली. तो धंदा आजही चालतो. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दिवसांना ज्यांनी त्यांचं कधीच ऐकलं नव्हतं अशा पुष्कळ जणांनी त्यांच्या पारखीचं कौतुक केलं. दंतवैद्य तर रडले.

मला मात्र मामा आठवतात ते सुनीलने किल्ली परत केली त्या दिवशीचे. आमच्या बैठकीत ते चहा पीत बसले होते. त्याच वेळी आईने बोलावलेला ग्रिलवाला माप घ्यायला आला. बाल्कनीला ग्रिल बसवायचं कितीतरी दिवस राहिलं होतं. शेजारच्या सगळ्यांच्या बाल्कन्यांना झालं, आमच्याच नाही, आणि आम्ही भाऊ ते आईचं आळशीपण समजत होतो. घर राहतं की जातं हे माहीत नसताना त्याला लोखंड कोण लावेल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ग्रिलवाल्याने विचारलं, "बाई, स्क्रूवर बसवू की भिंतीत गाडू? गाडलं तर पुढे काढता नाही यायचं."

"गाडा," आई म्हणाली. "आम्ही कुठं जाणार नाही."

मामांनी ग्रिलबद्दल काहीही मत दिलं नाही. त्यांनी कप पुढे केला आणि आईने त्यात आणखी चहा ओतला.