नमुना अ‍ॅपमधला बाबांचा आवाज

मंडळी, दुपारी ताटावरून तशीच उठले. कोणाला तरी सांगायला हवं म्हणून लिहितेय.

मी हमरापूरला घरूनच सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. अ‍ॅप बनवायच्या आमच्या टूलकिटसोबत छोटी नमुना अ‍ॅप्स असतात. फोटो, ऑर्डर, आवाज हे सुटे भाग एकमेकांना कसे जोडायचे, ते नव्या लोकांना त्यातून कळतं. एक नमुना मी आमच्या घराशेजारच्या गणपतीच्या कारखान्यावरच केला होता. मूर्ती निवडायची, ऑर्डर द्यायची आणि रंगकाम संपलं की फोन बोलतो, "तुमचा गणपती तयार हाय. पाट घेऊन या."

आवाज बाबांचा. बाबा यंदा शिमग्यानंतर गेले.

आज जुने नमुने काढून त्यांच्या जागी मशीनच्या आवाजाचे नवे टाकायचं काम नेमकं माझ्याकडे आलं. काढण्याआधी एकदा चालवून बघितलं. बाबा बोलले.

आणि आई कारखान्यातून लगबगीने आली, हातात मूर्तीचं तोंड झाकायचा रुमाल. बाबांनी असं म्हटलं की रुमाल घेऊन यायचं, ही तिची जन्माची सवय. दारात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

मी म्हटलं, "आई, माझ्याकडे कॉपी राहील गं. लोकांना फक्त आता मशीनचा आवाज येईल." तोही लावून दाखवला. अगदी शुद्ध, "आपला गणपती तयार आहे."

आईने रुमालाची घडी घातली. "बरा हाय. पण याच्या हाकेला मी उठले नसते गो."

डिलीटचं बटण अजून दाबलेलं नाही. तुमच्याने दाबवलं असतं का?