मांडवात दिसणारं घड्याळ

त्या नवरदेवाचं नाव मला माहीत नाही आणि करूनही घ्यायचं नाही. नगरच्या बाजारात, वापरलेली परदेशी घड्याळं विकणाऱ्या दुकानात मी पट्टा बदलायला बसले होते. तेवढ्यात हा होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन आला. जावयाचं घड्याळ मुलीकडच्यांनी करायचं, ही आपल्याकडची रीत. नवं परवडेना म्हणून जुनं, पण कंपनी भारीच हवी.

प्रत्येक घड्याळ घालून तो बाही वर सरकवायचा आणि आरशासमोर हात जोडून बघायचा. काट्यांकडे एकदाही पाहिलं नाही त्यानं. शेवटी सगळ्यांत मोठं निवडलं. दुकानदार म्हणाला, “हे मधूनच बंद पडतंय. दुरुस्त करून देतो.”

“ऱ्हाऊ द्या. टाइम मोबाईलमधी दिसतो. हे मांडवात दिसलं पायजे.”

माझं डोकंच फिरलं. सासरे मात्र खिशातल्या नोटा मोजायला लागले. पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातातलं घड्याळ सोडून बदल्यात दिलं. उन्हानं रापलेल्या मनगटावर पांढुरका पट्टा तेवढा उरला.

नवरदेव मोबाईल धरून आपल्याच हाताचे फोटो काढत होता. मान वर न करता म्हणाला, “मामा, किती वाजले वो?”

सासऱ्यांनी सवयीनं हात वर केला आणि रिकाम्या मनगटाकडे बघत राहिले.

“घड्याळ तुमच्या हातात आहे, तुम्हीच सांगा की!” मी ओरडलेच.

तर सासऱ्यांनी मलाच हात जोडले. हळूच म्हणाले, “ताई, नका बोलू. लगीन मोडंल.”

आता कुठल्याही लग्नात नवरदेव हात जोडून उभा राहिला, की मी आधी सासऱ्याचं मनगट बघते.